तीन डाग

हंबीररावाचं नाव निघालं की मी चूळ भरते. आता वय झालं, दात पडले, तरी ही सवय गेली नाही. हंबीरराव म्हणजे साखर कारखान्याच्या खेळ विभागाचा प्रमुख, शिवाय एका संचालकाचा मेव्हणा. हातात चांदीच्या मुठीची काठी आणि पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. माझ्या नवऱ्याला त्यानं चार वर्षं वापरलं आणि फेकून दिलं. पण त्याच्यावरचा माझा राग साधा आहे, तो मी चारचौघांत कितीदा बोलून दाखवलाय. दुसरा राग माझ्या पाठच्या भावावरचा, जोतीरामवरचा. तो मी कधी कुणाला सांगितला नाही.

आम्ही आटपाडीकडचे धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात उतरायचं, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पाऊसकाळ तोंडावर आला की माघारी वळायचं. वर्षातले सात-आठ महिने संसार घोड्याच्या पाठीवर. तीन दगडांची चूल मांडायची, चार दिवसांनी मोडायची, पुढच्या रानात पुन्हा मांडायची. मला याचा वीट आला होता. लग्न झाल्यापासून माझ्या मनात एकच होतं, की आपली एक मातीची चूल असावी, स्वतःच्या हातानं लिंपलेली, आणि ती कुणी हलवू नये.

ती चूल मला मिळाली ती माझ्या नवऱ्याच्या पायांमुळं. नवऱ्याचं नाव बिराप्पा. हुतूतूत त्याच्यासारखा चढाई करणारा त्या काळात सातारा-सांगली दोन्हीकडं नव्हता. शहरातले लोक त्याला कबड्डी म्हणायला लागले होते, पण खेळ तोच. एकट्यानं दम धरून सात जणांच्या अंगणात शिरायचं, शिवायचं आणि दम न सोडता मधली रेषा गाठायची. बाकीचे गडी शिवून पळायचे. बिराप्पा पळायचा नाही. तो मुद्दाम धरून द्यायचा आणि तीन-तीन, चार-चार जण अंगावर घेऊन रेषेकडं निघायचा. एकदा का त्याचा हात रेषेला लागला की धरणारे सगळे बाद. पुढं झुकून, मान खाली घालून तो असा काही ओढायचा की मागं लोंबकळणाऱ्यांच्या गुडघ्यांची सालं निघायची.

पानशेत फुटलं त्या साली कवठेमहांकाळच्या बाजूला एका जत्रेत हंबीररावानं त्याला पाहिलं. हंबीरराव आला होता बैल बघायला. सामना संपल्यावर त्यानं बिराप्पाच्या मांड्या दाबून पाहिल्या, पाठीवरून हात फिरवला आणि बरोबरच्या माणसाला म्हणाला, "ह्याला घेऊन चला." नाव त्यानं नंतर विचारलं.

कारखान्यात बिराप्पाला गव्हाणीवर हंगामी कामगार म्हणून लावलं. गव्हाण म्हणजे जिथं ऊस टाकतात ती जागा. पण उसाला त्यानं हात लावला असेल महिन्यातून दोनदा. त्याचं काम मैदानावर. आम्हाला पत्र्याची एक खोली मिळाली. पहिल्याच दिवशी मी ओढ्यातून माती आणली, तिच्यात घोड्याची लीद कालवली आणि चूल घातली. चार वर्षं मी ती दर सोमवारी सारवली.

चार वर्षांत बिराप्पानं कारखान्याला काय दिलं ते त्यांच्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटात आहे. साताऱ्याचा कप, कोरेगावची ढाल, सांगलीची दोन वेळची ढाल. आणि त्याला काय मिळालं ते त्याच्या अंगावर आहे. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी, खांद्याचं हाड वर आलेलं, पुढचे दोन दात गेलेले. हंगाम संपला की तो दरवर्षी हंबीररावासमोर जाऊन उभा राहायचा.

"साहेब, कायमच्या ऑर्डरीचं तेवढं बघा."

"अरे बिरू, तू तर घरचा माणूस. घरच्या माणसाला कागद कशाला लागतो?"

आणि हा येडा हसत घरी यायचा. साहेब आपल्याला घरचा म्हणतात म्हणून खूश! मी म्हणायची, "आवं, घरच्या माणसाला ते वट्यावर तरी बसवत्यात का? तुमी खाली हुबं राहता न्हवं?"

जोतीराम माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. आई धोंडुबाई त्याला माझ्या कडेवर टाकून मेंढरांमागं जायची, म्हणजे तो वाढला माझ्याच कमरेवर. त्याला हुतूतू शिकवला बिराप्पानं. कळपात शिरून हवी ती मेंढी मागच्या पायाला धरून बाहेर ओढायची, हे आमच्यातल्या पोरांना न शिकवता येतं. जोत्या तशीच माणसं धरायचा. बिराप्पानंच त्याला स्वतः सांगलीला नेलं आणि एका सूतगिरणीच्या संघात कोपऱ्याचा गडी म्हणून चिकटवलं. "माझा मेव्हणा हाय, ह्यानं घोटा धरला की सुटत न्हाई," असं तिथल्या मास्तरला ह्यानं आपल्या तोंडानं सांगितलं.

पासष्ट साली कोरेगावच्या सामन्यात बिराप्पाचा उजवा गुडघा पिळवटला. रात्रीतून आतल्या बाजूला लिंबाएवढी सूज आली. कराडची फायनल पाच दिवसांवर आणि समोर संघ कुणाचा, तर सांगलीच्या त्याच गिरणीचा. हंबीरराव खोलीवर आला. खाटेवर बसलेल्या बिराप्पाचा गुडघा त्यानं काठीच्या टोकानं दाबला. हातानं नाही, काठीनं.

"दुखतंय?"

"व्हय साहेब. लय ठणकतंय."

"फायनल जिंक. दुसऱ्या दिवशी कायमची ऑर्डर देतो. चेअरमनशी बोलणं झालंय." मग त्यानं खोलीभर नजर फिरवली. माझ्या चुलीकडं बघून म्हणाला, "नाही जमलं तर मात्र ही खोली नव्या गड्याला लागेल."

माझ्या चुलीसमोर उभं राहून तो हे बोलला. त्याच्या डोक्यात कढत पाणी ओतावं असं मला वाटलं. ओतलं नाही, हे माझं चुकलंच.

दवाखान्यातलं मलम दोन दिवस लावलं, काही झालं नाही. मग आमच्यात करतात ते मी केलं. मेंढरू लंगडायला लागलं की आम्ही डाग देतो, माणसालाही तेच. पोट दुखलं, पाठ भरली, पाय मुरगळला की विळ्याचं टोक लाल करायचं आणि दुखण्यावर ओढायचं. आमच्यात डागाशिवाय माणूस सापडायचा नाही. कुणाच्या पोटावर, कुणाच्या कपाळावर. लोकांना कसा तीळ असतो, तितकंच आम्हाला त्याचं अप्रूप. डाग देणाऱ्या प्रत्येकीचा हात वेगळा असतो. माझी आई तीन डाग द्यायची. मधला लांब, बाजूचे दोन आखूड, आणि दुखणं बरोबर मधल्याच्या खाली. तिच्यामागं तो हात माझ्याकडं आला होता. वस्तीवरचे लोक लांबून लांबून माझ्याकडं यायचे.

बिराप्पानं दातात फडकं धरलं. मी गुडघ्याच्या आतल्या बाजूला तीन डाग दिले, वर हळद भरली. त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही. तिसऱ्या दिवशी सूज उतरली आणि तो चालायला लागला.

फायनलच्या सकाळी मी म्हटलं, "गुडघ्याला फडकं गुंडाळू का?"

"येडी का काय तू? फडकं बघितलं की समद्यास्नी कळंल, हितं दुखतंय म्हणून."

मला ते पटलं. दोघांच्याही डोक्यात आलं नाही, की फडक्यापेक्षा मोठ्यानं सांगणारी गोष्ट आम्ही त्याच्या गुडघ्यावर कोरून ठेवली आहे. आमच्या डोळ्यांना डाग दिसतच नाहीत, त्याला आम्ही तरी काय करणार? आणि कराडच्या लोकांना त्यात काय कळणार होतं? मैदानावर ते वाचता येणारा एकच माणूस होता, आणि तो माझ्या कडेवर वाढलेला होता.

मैदान नदीच्या बाजूला होतं. मी बायकांच्या घोळक्यात एका बैलगाडीवर उभी होते. शेवटची दोन मिनिटं राहिली आणि कारखाना तीन गुणांनी मागं. हंबीररावानं बिराप्पाला खूण केली. तो दम घेऊन आत शिरला. नेहमीसारखा त्यानं एकाला अंगावर घेतला, मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. चौथ्यानं मागून कमरेला मिठी मारली. तरी तो ओढतच होता. तेव्हा कोपऱ्यातून जोत्या आला.

मी वाट बघत होते तो घोटा धरेल म्हणून. जन्मभर त्यानं घोटाच धरला होता. घोटा मोकळा होता, समोर होता. त्यानं तो सोडला, खाली वाकला आणि सगळ्या अंगाचा भार घेऊन खांदा बिराप्पाच्या उजव्या गुडघ्यावर आतल्या बाजूनं घातला. बिराप्पाचा पाय नको त्या बाजूला वळलेला मी गाडीवरून पाहिला. मी ओरडले तरी लोकांच्या आरडाओरड्यात ते मलाच ऐकू आलं नाही. त्याचा दम चालूच होता. कबड्डी, कबड्डी करत तो पालथा पडला, पाच जण अंगावर घेऊन कोपरांवर हातभर सरकला आणि बोटं रेषेवर टेकवली.

पाचही बाद. कारखाना जिंकला. हंबीररावाच्या गळ्यात हार पडले आणि कप घेऊन ते सगळे कारखान्याच्या गाडीवर चढले. बिराप्पाला मी आणि एका अनोळखी टांगेवाल्यानं उचललं.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाय राहील, पण गुडघा वाकणार नाही. तिथं जोत्या आला. रडला. मी त्याच्या थोबाडीत मारली आणि विचारलं, "डाग बघून घातलास का रं खांदा?"

त्यानं खिशातून बिरोबाचा भंडारा काढला, हातावर घेतला. "आक्का, आरेवाडीच्या बिरोबाची आण. मी काय बी बघितलं न्हाई. हाताला आलं त्ये धरलं."

आमच्यात भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही. बिराप्पा खाटेवरून म्हणाला, "हरणे, सोड त्याला. खेळात आसं हुतंच. मी बी तेच केलं आसतं." मी सोडलं, पण त्या दिवसापासून दुसराच किडा डोकं पोखरायला लागला. जोत्यानं बघून घातला नसेल, तर मग एका खांद्यानं गुडघा गेला कशानं? माझ्या डागांनी आतलं काही जळून कच्चं तर झालं नसेल? नवऱ्याचा पाय मी माझ्या हातानं घालवला का? तीन वर्षं मी हेच चघळत होते. त्या तीन वर्षांत लोक मेंढरं घेऊन आले तरी मी विळा तापवला नाही.

ऑर्डर? हंबीरराव म्हणाला, कायम करायचं तर डॉक्टरची तपासणी लागते आणि लंगडा माणूस तपासणीत बसत नाही. त्याचा नाइलाज होता म्हणे! आठवड्यात खोली रिकामी करायला लावली. निघताना मी खोऱ्यानं माझी चूल फोडली आणि माती दारात पसरली. आमच्या जागी येणाऱ्याला ती मिळायला नको होती. आमच्या जागी आला जोतीराम. चांगला गडी म्हणून हंबीररावानं गिरणीतून त्याला उचलला आणि कोपऱ्यातून काढून बिराप्पाच्या जागी चढाईला घातला.

आम्ही पुन्हा मेंढरांमागं लागलो. बिराप्पा ताठ पाय टाकत घोड्याच्या शेपटीला धरून चालायचा. बसल्या जागी लोकर कातायचा.

अडुसष्ट साली माघात आमचा मेंढरांचा वाडा इस्लामपूरच्या अलीकडं खोडवा ऊस तुटलेल्या एका रानात बसला होता. दुपारची वेळ. सडकेवर एक जीप थांबली आणि जोत्या बांधावरून चालत आला. डावा पाय जपून टाकत होता. जीपमध्ये हंबीरराव बसलेला दिसला. तो उतरला नाही.

जोत्यानं बिराप्पाच्या पाया पडायचं सोंग केलं आणि माझ्यासमोर बसला. "आक्का, उद्या सांगलीत फायनल हाय. गुडघा गेलाय. ह्या डावानंतर साहेब कायम करणार हायेत."

"तुलाबी?" मी म्हटलं.

त्याला ते कळलं नाही. तो म्हणाला, "डाग दे."

मी नाही म्हणणार होते. पण बिराप्पा म्हणाला, "दे गं. पोराची भाकरी हाय." मी तीन दगडांच्या चुलीत काटक्या सारल्या आणि विळा आत घातला. जोत्यानं चड्डी वर केली आणि पाय पुढं केला. उजवा.

"दुखतोय डावा न्हवं रं?"

"व्हय. पर डाग उजव्याला दे. आतल्या अंगाला दे, लांबनं दिसंल आसा." तो हसला. "गडी लंगडतोय ही बातमी त्यांच्यात गेलीया, कुठला पाय त्ये ठावं न्हाई. त्यांच्याकडं दोन पोरं आपल्यातली हायेत. डाग बघितला की ती उजव्यावरच पडत्यात बघ. डावा माझा सुटला."

"डागावरनं कळतंय व्हय आसं?"

"कळतंय म्हंजे? मधला लांब, त्याच्याखाली दुखणं. तुझा हात मी हजार माणसांत वळखंल, आक्का. लांबनं..."

तिथं त्याची जीभ थांबली. बिराप्पाच्या हातातली लोकर कातायची चाती फिरता फिरता बंद पडली. सडकेवर जीपचा भोंगा वाजला.

बिराप्पा हळू आवाजात म्हणाला, "तवा भंडारा उचलला हुतास तू."

"दाजी, गिरणीनं सांगितलं हुतं. बिराप्पा बाहीर गेला पायजे, मग कायम करतो. मी तरी काय करणार हुतो?"

"केलं का मग कायम?"

जोत्या सडकेवरच्या जीपकडं बघायला लागला. मला मात्र एकदम हलकं वाटलं. माझ्या डागांनी काही जळालं नव्हतं. माझा हात बरोबर होता. तीन वर्षं मी जे पाप डोक्यावर घेऊन हिंडत होते ते ह्या भाड्याचं होतं, आणि त्यानं ते खुशाल माझ्या डोक्यावर राहू दिलं होतं. मग राग आला. एवढा राग मला हंबीररावाचाही कधी आला नव्हता.

जोत्या उठायला लागला. बिराप्पानं हात लांब केला आणि त्याचा डावा घोटा धरला, मेंढीचा धरतात तसा. एक झटका दिला, त्याला पालथा केला आणि आपला ताठ पाय त्याच्या मांडीवर आडवा टाकला. कितीही तडफडला तरी जोत्याला सुटता येईना. तीन वर्षं जो माणूस मला "सोड" म्हणत होता, तो आता माझ्याकडं बघून म्हणाला, "हरणे, इळा आण."

"आक्का, त्यो न्हाई! त्यो न्हाई गं, उजवा!"

"डाग दुखण्यावर देत्यात, जोत्या," मी म्हटलं. "आईनं उजव्या-डाव्याचं काय शिकवलेलं न्हाई."

आतल्या बाजूला सूज होती तिथं मी बोटानं चाचपून पाहिलं. जिथं हात लावल्यावर तो किंचाळला तिथं मधला दिला, लांब. मग दोन आखूड. हळद भरली. भंडारा नाही, साधी चुलीजवळची हळद. बिराप्पानं पाय सोडला. जोत्या उठला आणि शिव्या देत, रडत, लंगडत बांधावरून जीपकडं गेला. हंबीररावानं त्याला आत ओढला. आमच्याकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला गेले नाही. आल्यागेल्यांनी सांगितलं, की जोतीराम फडकं बांधून उतरला होता, पण पहिल्याच झटापटीत ते निसटलं आणि तिसऱ्या चढाईला त्याला उचलून न्यावं लागलं. पुढच्या हंगामात कारखान्यानं साताऱ्याकडचा नवा गडी आणला. आमच्या त्या खोलीत आता तो राहायला आला, असंही कळलं. त्याच्या बायकोनं चूल नव्यानं घातली असणार.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. मेंढरू डागल्यावर वाटतं तेवढं वाटलं. नात्यातल्या बायका अजून मला विचारतात, सख्ख्या भावाला डागताना तुझा हात कापला नाही का गं? कापला असता तर डाग वाकडे आले असते. जोत्या अजून आहे, आटपाडीच्या बाजाराला काठी टेकत येतो. कुणीही जाऊन त्याचा गुडघा बघावा. तिन्ही सरळ आहेत.